‘तंबाखू खाता का?’ : एका प्रश्नाचा मागोवा

आशाताईच्या पिशवीत एक फॉर्म असतो. त्याचे सरकारी नाव लांबलचक आहे, पण आरोग्य खात्यात सगळे त्याला ‘सीबॅक फॉर्म’ म्हणतात. गावातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो. वय किती? तंबाखू, विडी कधीच नाही, कधीमधी, की रोज? दारू रोज घेता का? कंबर किती सेंटीमीटर? आठवड्याला १५० मिनिटे तरी अंग हलेल असे काम किंवा व्यायाम होतो का? घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार? प्रत्येक उत्तराला गुण आहेत. तंबाखूला कधीच न शिवलेल्याला शून्य, रोज खाणाऱ्याला २. बाईची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर गेली किंवा पुरुषाची १०० च्या, की २. बेरीज ४ च्या वर गेली, की त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचे. जास्त गुण मिळवणारा नापास, अशी ही उलटी परीक्षा. गुण कितीही पडोत, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरांच्या तपासणीची वाट याच फॉर्मातून जाते.

फॉर्म भरताना गंमत होते ती तंबाखूच्या रकान्यापाशी. घरातल्या म्हातारीला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर ती कानाला हात लावते. खोटे बोलत नसते ती. सकाळी उठल्यावर तव्यावर भाजलेली काळी मिश्री बोटाने हिरड्यांना लावून ती अर्धा तास बसते, पण ते तिच्या लेखी दात घासणे असते. मुरलेली आशाताई म्हणून प्रश्न फिरवून विचारते, ‘आजी, मिश्री लावता का?’ मग आजी हसते आणि डबी काढून दाखवते. शून्याचे २ होतात. पुढे आशाताईने म्हणायचे असते, ‘आजी, सोडा बरं का ती.’ आजी म्हणते, ‘सोडते की.’ आणि आशाताई पुढच्या घरी जाते.

कॅन्सरच्या तपासणीला बोलावलेल्या धडधाकट माणसाला त्याच्या सवयींबद्दल विचारावे आणि दोन शब्द सांगावेत, हे आज इतके स्वाभाविक वाटते, की जणू पहिल्यापासून असेच चालत आले असावे. तसे ते नाही. या प्रश्नाला इतिहास आहे, त्यातला मोठा भाग आपल्याच मुलखात घडलेला आहे आणि तो आपल्यालाच फारसा माहीत नाही.

कॅन्सरविरुद्धच्या लोकप्रचाराने जोर धरला तो अमेरिकेत. १९१३ साली तिथे कॅन्सर नियंत्रणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिचा सगळा भर ‘उशीर करू नका’ या एका गोष्टीवर होता. गाठ दिसली, रक्त गेले, जखम भरत नाही, तर ताबडतोब डॉक्टर गाठा. १९३७ साली डॉ. एलिस लेस्परन्स यांनी न्यूयॉर्कमध्ये बायकांसाठी ‘कॅन्सर प्रतिबंधक’ दवाखाना काढला. काहीही होत नसलेल्या बायकांनी आपण होऊन येऊन तपासून घ्यायचे, ही कल्पना तेव्हा नवीन होती. १९४१ साली पापानिकोलाऊ आणि ट्राउट यांनी गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन कॅन्सर ओळखण्याची रीत मांडली आणि या कल्पनेला हत्यार मिळाले. दवाखान्याच्या पाटीवर प्रतिबंध असा शब्द होता, पण आत चालायचा तो शोध. काय खाता, काय ओढता, याच्याशी त्या तपासणीचा संबंध नव्हता. असणार तरी कसा? सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचे नाते इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी, अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहम यांनी पुराव्यानिशी मांडले ते १९५० साली. तोवर तपासणारे डॉक्टरच सिगारेट ओढत होते.

आपल्याकडे गाडी उलट बाजूने आली. इथे सवय आधी दिसली, तपासणी फार नंतर. तोंडाचा कॅन्सर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. मद्रासच्या निब्लॉक यांनी १९०२ साली गालाचा कॅन्सर आणि विडा-तंबाखू यांची जोडी लिहून ठेवली. त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयातून १९०८ साली बेंटॉल यांनी आणि १९३३ साली ऑर यांनी तेच सांगितले. रुग्ण ज्या गालात विड्याचा गोळा धरून ठेवतो त्याच गालात रोग उगवतो, हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी कुठल्या समाजात कुठला कॅन्सर का होतो याचा ध्यासच घेतला. धोतराची गाठ जिथे कमरेला काचते तिथल्या कातडीच्या कॅन्सरचीही नोंद त्यांनी केली. संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे, तंबाखू खाणे आणि तोंड-घशाचे कॅन्सर यांचा हिशेब मांडला.

एवढे कळूनही तंबाखू खाणाऱ्याच्या दारात जाऊन त्याला काही सांगावे, असे कुणाच्या मनात आलेले दिसत नाही. ज्ञान रुग्णालयात होते आणि माणूस रुग्णालयात यायचा तो गालाला भोक पडल्यावर. त्याला ‘आता तंबाखू सोड’ म्हणण्यात अर्थ तो काय राहिला?

हा सल्ला दारोदार नेण्याचे काम पुढे ज्या संस्थेने केले, तिचे नाव ऐकून कुणीही चकित होईल. टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे होमी भाभांची, अणूंचे आणि विश्वकिरणांचे गणित मांडणारी कुलाब्याची संस्था. तिच्यात दंतवैद्यकाचा एक छोटा विभाग होता आणि डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख होते. त्यांनी आधी मुंबईच्या पोलिसांची तोंडे तपासली. पोलीस हवालदार बदलीवर गेला तरी त्याचा पत्ता लागतो, त्यामुळे दहा वर्षांनी तीच तोंडे पुन्हा पाहता आली. मग १९६६ पासून त्यांनी खेड्यांचा रस्ता धरला. केरळातले एर्नाकुलम, आंध्रातले श्रीकाकुलम, गुजरातेतले भावनगर, तेव्हाच्या बिहारातले सिंगभूम आणि दरभंगा अशा पाच जिल्ह्यांत ५०,९१५ माणसे तपासली. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १,०१,७६१. सोबतीला कोपनहेगनचे पिंडबोर्ग होते. पैसा आला तो पीएल-४८० च्या खात्यातून. अमेरिकेने धाडलेल्या धान्याची किंमत आपण रुपयांत भरायचो आणि ते रुपये इथेच पडून राहायचे, त्यातला काही हिस्सा अशा संशोधनाला मिळे. ज्या योजनेने आपल्या वडीलधाऱ्यांना रेशनचा लाल मिलो खायला लावला, तिच्याच पैशांतून पुणे जिल्ह्यातल्या लाखभर माणसांची तोंडे तपासली गेली.

ही तपासणी कशी असते ते सांगायला हवे, कारण आजही ती तशीच आहे. माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचे. आधी चूळ भरायला लावायची, नाहीतर चुन्याचा आणि कातेचा लेप खरवडण्यातच वेळ जातो. ओठ उलटून पाहायचे, गाल बाहेर ओढून आतला भाग पाहायचा, जीभ वर करायला लावून तिच्याखाली बॅटरीचा झोत टाकायचा, मग टाळू. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, दोन-दोन आठवडे न भरणारे चिरे शोधायचे. मग स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगायची. मावा, खर्रा, गुटखा यांतल्या सुपारीने गाल आतून ताठरले असतील, तर दुसऱ्या बोटालाच अडते. सगळे मिळून दोन-तीन मिनिटे लागतात. यंत्र लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. ज्याची तपासणी चालली आहे त्याला मात्र या दोन-तीन मिनिटांत आपली पंचवीस वर्षांची सवय डोळ्यांसमोर उभी राहिलेली असते. गाल ताणून धरलेला, बोलता येत नाही आणि समोरचा माणूस एका जागी थांबून पुन्हा पुन्हा पाहतो आहे. त्या क्षणी त्याला जे सांगाल ते तो ऐकतो.

हे मेहतांच्या चमूला गावोगाव हिंडताना उमगले असणार. कारण १९७७-७८ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांतली ३६,००० तंबाखू वापरणारी माणसे घेतली. दंतवैद्य दरवर्षी घरी जाणार, तोंड तपासणार आणि तिथेच बसून त्या माणसाशी तंबाखूबद्दल बोलणार. जोडीला भित्तिपत्रके, चित्रपट, रेडिओ, वर्तमानपत्रे, गावातली नाटके. काय बोलायचे हेही अभ्यासून ठरवले होते आणि त्यात चमूतल्या मीरा आघी यांचा मोठा वाटा होता. प्रत्येक जिल्ह्याची तऱ्हा निराळी. एर्नाकुलमला तंबाखू घातलेला विडा, भावनगरला विडी, तर श्रीकाकुलमच्या बायका चिरूट ओढत त्या पेटते टोक तोंडात धरून. त्यांच्या टाळूला कॅन्सर व्हायचा. ‘धूम्रपान वाईट’ असे एकच वाक्य तिन्हीकडे म्हणून काय होणार?

तुलनेसाठी त्याच जिल्ह्यांतल्या आधीच्या पाहणीतली माणसे धरली होती. पाच वर्षांचे निकाल १९८६ साली लॅन्सेटमध्ये आले. सल्ला मिळालेल्यांत तंबाखू सोडणारे आणि कमी करणारे तुलनेच्या गटापेक्षा जास्त निघाले. एर्नाकुलमच्या १२,२१२ जणांचा दहा वर्षांचा हिशेब १९९२ मध्ये आला आणि तोंडात नव्याने उगवणारे पांढरे चट्टे लक्षणीय घटल्याचे दिसले. इथे कॅन्सरचे मृत्यू मोजलेले नाहीत, कॅन्सरच्या आधीच्या खुणा मोजल्या आहेत, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही तपासणी आणि सल्ला यांची गाठ मारून, ती हजारो माणसांवर वर्षानुवर्षे राबवून, निकाल जगापुढे ठेवण्याचे काम कुलाब्याहून झाले. त्या चमूतले डॉ. प्रकाश गुप्ता पुढेही आयुष्यभर तंबाखूच्याच मागे लागले.

याच सुमारास लंडनमध्ये मायकेल रसेल यांनी एक साधा प्रयोग केला. २८ फॅमिली डॉक्टर आणि त्यांच्याकडे आलेले २,१३८ सिगारेट ओढणारे. काहींना डॉक्टरांनी काहीच सांगितले नाही. काहींना ‘सोडा’ एवढेच सांगितले. काहींना सांगितले, हातात पत्रक दिले आणि वर बजावले, की आम्ही तुमची पुन्हा चौकशी करणार आहोत. वर्षाने पाहिले, तर पहिल्यांतले ०.३ टक्के सिगारेटपासून दूर राहिले होते आणि शेवटच्यांतले ५.१ टक्के. शंभरातले पाच म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण डॉक्टरचा खर्च होता दोन मिनिटांचा आणि एका पत्रकाचा. १९७९ च्या त्या निबंधातला माझ्या मते कळीचा भाग पत्रकाचा नव्हे, पुन्हा चौकशी करण्याचा आहे. एर्नाकुलमचे दंतवैद्य तरी दुसरे काय करत होते? तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभा राहणार, हे तंबाखू खाणाऱ्याला ठाऊक होते. आपल्याकडे माणूस उपदेशाला भीत नाही, पण ‘पुढच्या वेळी येईन तेव्हा बघते हं’ याला भितो.

इथवर गोष्ट सरळ आली. पुढे तिला वळण मिळाले आणि ते मला फार विचित्र वाटते.

१९८० च्या दशकात कॅन्सरची लढाई ग्रामीण महाराष्ट्रात आली ती बार्शीत. नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांच्या वह्या चाळणे, खेड्यात वह्याच नसतात. म्हणून नोंदणीची माणसे गावोगाव जाऊन पारावर, शाळेत, घरात लोकांशी बोलत, कॅन्सरची लक्षणे सांगत आणि संशय आलेल्याला बार्शीला घेऊन येत. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली दाखवून दिले, की नुसत्या या बोलण्यामुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. मोठे काम होते ते. पण सल्ल्याचा विषय बदलला होता. ‘सवय सोडा’ मागे पडून ‘लक्षण ओळखा, लवकर या’ पुढे आले होते. अमेरिकेतला १९१३ चा सल्ला बार्शीच्या पारावर मराठीत बोलू लागला होता.

मग आल्या मोठ्या चाचण्या. १९९८ साली टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका घेतल्या. निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करत आणि गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून पांढरा डाग दिसतो का ते पाहत. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवात, बार्शीच्याच मंडळींनी १,३१,७४६ बायकांची चाचणी सुरू केली. दोन्हींचे निकाल जगभर गाजले. उस्मानाबादेत एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले (२००९). मुंबईत आम्लाच्या तपासणीने ते ३१ टक्क्यांनी घटले (२०१४). स्तनांच्या तपासणीचा फायदा पन्नाशीच्या पुढच्या बायकांत ठळक दिसला (२०२१).

मुंबईत उरलेल्या निम्म्या वस्त्यांना काय मिळाले? कॅन्सरविषयीचे शिक्षण, एकदा. बाकी तपासणी नाही. तपासणीविना ठेवलेल्या बायकांपैकी काही मेल्या, हे नैतिक होते का, असा वाद परदेशी आणि देशी नियतकालिकांत पुढे रंगला आणि तो रंगायलाच हवा होता. माझे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. १९७७ साली ज्याची चाचणी घ्यायची ते औषध म्हणजे सल्ला होता. वीस वर्षांनी तोच सल्ला तुलनेच्या गटाला द्यायची किरकोळ गोष्ट झाला, जवळजवळ ‘काहीच न देणे’ या हिशेबात बसणारा. संशोधकांना दोष देण्यात अर्थ नाही. तपासणी मोजायची, तर सल्ला दोन्हीकडे सारखा असायला हवा होता. पण मोजण्याच्या या रीतीत सल्ल्याची पायरी उतरली ती उतरलीच.

केरळातल्या तिरुवनंतपुरमच्या चाचणीत सवय आणि तपासणी हे दोन धागे पुन्हा एकत्र आले. १९९६ पासून तिथे १३ पंचायतींत, सुमारे एक लाख ९२ हजार माणसांवर, तोंडाच्या तपासणीची चाचणी झाली. डॉक्टर नसलेले, पदवी झालेले आरोग्यसेवक घरोघर जात. २००५ चा निकाल असा, की सगळे लोक एकत्र धरले तर मृत्यूंत ठाम म्हणावी अशी घट नाही, पण तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. म्हणजे तोंडाच्या तपासणीत कुणाला आधी बघायचे हे ठरवायलाच ‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न लागतो. आशाताईच्या फॉर्मावरचा रकाना या अर्थाने चांगलाच पुराव्याचा आहे.

पश्चिमेत सल्ला परतला तो २००० नंतर, आणि वेगळ्या वाटेने. तिथे आतड्याच्या, स्तनांच्या कॅन्सरच्या तपासणीची निमंत्रणे घरी टपालाने जातात. लाखो धडधाकट माणसे एका ठरावीक दिवशी आरोग्याचा विचार करत दवाखान्यात बसलेली असतात. २००३ साली कॉलीन मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी मांडले, की आजाराची भीती मनात ताजी असते तेव्हाच माणसाला शिकवणे सोपे जाते. कल्पना मोहक होती आणि तिला पटकन भक्त मिळाले.

त्यावर विरजण पडले नॉर्वेत. तिथे आतड्याच्या तपासणीला बोलावलेल्यांची आणि न बोलावलेल्यांची तीन वर्षांनी तुलना केली (२००७), तर बोलावलेल्यांचे वजन अंमळ जास्तच वाढलेले आणि फळे-भाज्या खाण्यातली सुधारणा कमी. हॉलंड-बेल्जियममध्ये फुप्फुसांच्या सीटी स्कॅनच्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांनी (२०१०) सिगारेट सोडलेले स्कॅन केलेल्यांत १४.५ टक्के, न केलेल्यांत १९.१ टक्के. प्रश्नावली परत न पाठवणाऱ्यांना धरले की हा फरक पुसट होतो, हे खरे. तरी संशोधकांनी या प्रवृत्तीला नाव दिले ते ‘आरोग्याच्या दाखल्या’चे. मशीनने पास केले ना, मग आता कशाला सोडायचे? हे समजायला नॉर्वेला जायची गरज नाही. वर्षाकाठी शुगर तपासून घेणारे आणि ‘नॉर्मल’ आली की त्याच संध्याकाळी जिलबी आणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात.

स्कॉटलंडमध्ये डंडीच्या अ‍ॅनी अँडरसन यांनी मात्र चिकाटीने वाट काढली. त्यांनी निवडली ती ५० ते ७४ वयाची, वजन जास्त असलेली आणि तपासणीत आतड्यात साधी गाठ सापडलेली माणसे, म्हणजे ज्यांना पूर्ण दाखला मिळालेला नाही अशी. तीन वेळा समोरासमोर भेट, मग महिन्यामहिन्याला फोन. वर्षाने त्यांचे वजन सरासरी साडेतीन किलो उतरले, नुसते पत्रक मिळालेल्यांचे पाऊण किलो (२०१४). इथेही काम केले ते भीतीने कमी आणि फोनने जास्त, असे मी म्हणेन. भीती महिनाभरात विरते, फोन दर महिन्याला वाजतो.

या सगळ्यात एक सल्ला असा आहे, की तो दिलाच नाही तर बरे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर मानवी पॅपिलोमा विषाणूने, म्हणजे एचपीव्हीने, होतो, हे हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी १९८० च्या दशकात दाखवले आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. तरी आपल्याकडच्या शिबिरांत तपासणीला आलेल्या बाईला अजूनही स्वच्छतेचा पाठ ऐकावा लागतो. जणू तिने नीट आंघोळ केली नाही म्हणून ही वेळ आली! विषाणू बहुतेकींना नवऱ्याकडून मिळतो आणि नवरा शिबिराला आलेलाच नसतो. अशा उपदेशाने ती बाई पुढच्या खेपेला येत नाही आणि शेजारणीलाही येऊ देत नाही. तिला सांगण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत: मुलीला लस द्या, मिश्री-तंबाखू सोडा, पुढची तपासणी चुकवू नका.

आता पुन्हा आपल्या फॉर्मापाशी येऊ. २०१६ साली केंद्राने तीन कॅन्सरांच्या तपासणीचा आराखडा काढला. वय ३० ते ६५, तपासणी दर पाच वर्षांनी. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रे आली आणि सीबॅक घरोघर पोचला. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या १.९ टक्के, स्तनांची ०.९ टक्के. तोंडाची तपासणी झालेले पुरुष १.२ टक्के. निमंत्रणच पोचत नसेल, तर निमंत्रणासोबतच्या सल्ल्याचे काय घेऊन बसायचे, असे कुणी म्हणेल. पण सल्ल्याची अवस्था त्याहून बरी आहे, म्हणूनच त्याचा विचार व्हावा. २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीप्रमाणे डॉक्टर वा आरोग्यसेवकाकडे गेलेल्या सिगारेट-विडीवाल्यांपैकी ४८.८ टक्क्यांना ‘सोडा’ असे सांगितले गेले, आणि तोंडात तंबाखू धरणाऱ्यांपैकी ३१.७ टक्क्यांना. महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २६.६ टक्के असले तरी ओढणारे जेमतेम ३.८ टक्के, खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे जी सवय आपल्याकडे सहापट मोठी, तिच्याबद्दल डॉक्टर कमी बोलतात. धूर दिसतो, वास येतो. गालातला बार झाकलेला असतो आणि मिश्री तर सकाळीच चूळ भरून टाकलेली.

गुटख्यावर महाराष्ट्राने २००२ मध्ये बंदी घातली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही, २०१२ मध्ये पुन्हा घातली. गोव्याने १९९७ सालीच, डॉ. शरद वैद्यांच्या धडपडीमुळे, सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा केला. कायदे हवेतच. पण पानटपरीवर खाली वाकून पुडी मिळते हे ज्याला ठाऊक आहे, त्याची सवय कायद्याने सुटत नाही. ती त्याच्याशी कुणीतरी बोलल्याने सुटली तर सुटते.

आणि बोलणार कोण? आशाला सीबॅक फॉर्ममागे १० रुपये ठरले. बीपी, शुगर, कॅन्सरचे निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्याचे ५० रुपये वेगळे. या दोन्हींच्या मधला माणूस, म्हणजे रोग नाही पण बार भरतो असा, कशातच बसत नाही. एर्नाकुलमला दंतवैद्य ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे परत गेला, रसेलच्या डॉक्टरने ज्याला ‘पुन्हा चौकशी करू’ म्हटले, डंडीहून ज्याला दर महिन्याला फोन जायचा, नेमका तोच माणूस आपल्या फॉर्ममधून गळतो. कॅन्सरची पुढची तपासणी थेट पाच वर्षांनी. तपासणीच्या शास्त्राला पाच वर्षे पुरत असतील, सल्ल्याला ती पुरणार नाहीत. पन्नास वर्षांचा सगळा पुरावा एवढेच सांगतो, आणि त्यातला एक जुना पुरावा आपल्याच देशातला आहे. आराखडा पुन्हा लिहायला बसेल त्या अधिकाऱ्याने फॉर्मात एक रकाना वाढवावा, ‘पुन्हा विचारले ती तारीख’, आणि त्या रकान्यापुढे आशाताईच्या कष्टाचे रुपये लिहावेत.

तोवर ज्याला स्वतःच सुरुवात करायची आहे, त्याच्यासाठी तंबाखू सोडवण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत ती सुरू झाली आणि फोन फुकट आहे. नंबर शोधायला लांब जायला नको. सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या पुडीवरच छापायला सुरुवात झाली: १८००-११-२३५६.